कुंदाताईंचा शनिवार

तमाम काळेवाडीकरांना व त्यांच्याकडे मुक्कामाला आलेल्या पाहुण्यांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, आमच्या सोसायटीची लिफ्ट, सोसायटीचे चेअरमन, कोपऱ्यावरच्या गाडीवरचा दुपारनंतरचा वडा आणि खुद्द मी, असे चौघे एकाच आठवड्यात नापास झालो आहोत. निकाल अंतिम आहे. ज्यांना तो मान्य नसेल त्यांनी तिसऱ्या मजल्यावर कुंदाताईंकडे लेखी अर्ज करावा. त्या तो चष्मा लावून शेवटपर्यंत वाचतील आणि मग त्या अर्जालाही लाल चिठ्ठी बांधतील.

लाल चिठ्ठीचं असं आहे. कुंदाताई चाकणच्या एका कंपनीत बावीस वर्षं आहेत आणि त्यातली बरीचशी तपासनीस म्हणून. गाडीच्या पोटात वायरींचे जे जुडगे असतात, ते तिथे तयार होतात. जुडगा समोर आला की ताई त्यावरून बोटं फिरवतात. चांगला असेल तर म्हणतात, "ओके." वाईट असेल तर म्हणतात, "एनजी." म्हणजे 'नॉट गुड', पण एवढं लांबण लावायला लाइनवर वेळ कुणाला आहे? एनजी मालाला लाल चिठ्ठी बांधायची, चिठ्ठीवर कारण लिहायचं आणि माल लाल डब्यात टाकायचा. डब्याला कंपनीत 'लाल बिन' म्हणतात.

हे सगळं कंपनीच्या गेटच्या आत राहिलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण ताईंच्या पर्समध्ये रुमालाशेजारी दोरा ओवलेल्या लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा कायम असतो. लिफ्टला बांधली: 'एनजी. कारण: दार स्वतःच्या मर्जीने उघडते.' चेअरमनांच्या खुर्चीला बांधली: 'एनजी. कारण: सगळ्याला "बघू".' मला बांधली ती शर्टाच्या बटणाला, कारण 'पाच मिनिटांत आलो' असं सांगून मी दुपारी उगवलो होतो. ती चिठ्ठी मिरवत मी संध्याकाळपर्यंत हिंडलो. लोक हसत होते, तर मला वाटलं नवीन शर्ट शोभतोय.

एकदा शेजारच्या मुलीला बघायला पाहुणे आले. ताईंना आधाराला म्हणून बोलावलं होतं. मुलाने पोह्याचा घास घेत विचारलं, "स्वयंपाक कितपत येतो?" ताईंनी उलट विचारलं, "तुम्हाला चहा येतो का?" मुलगा हसला. त्याची आई म्हणाली, "अहो, त्याने कधी गॅस पेटवलेला नाही." ताई उठल्या आणि त्याच्या मनगटाला चिठ्ठी बांधून पुन्हा जागेवर येऊन बसल्या. स्थळ अर्थातच मोडलं. पण सहा महिन्यांनी त्याच मुलाने स्वतः केलेल्या चहाचा फोटो ताईंना पाठवला. ताईंनी उत्तर दिलं, "दुरुस्ती ओके. पण दूध कमी घाला."

चिठ्ठी निदान दिसते तरी. ताईंचं दुसरं हत्यार दिसत नाही. ते म्हणजे 'का?'

कंपनीत त्यांना शिकवलंय की बिघाड झाला तर पाच वेळा 'का' विचारायचं, म्हणजे मूळ कारण सापडतं. मी ही पद्धत जवळून पाहिली आहे. पहिल्या 'का'ला माणूस सबब सांगतो, दुसऱ्याला नियम सांगतो, तिसऱ्याला दुसऱ्याचं नाव घेतो, चौथ्याला चिडतो आणि पाचव्याला थकून खरं बोलतो.

चाकणच्या पट्ट्यातला बायकांचा पहिला रॉक बँड (निदान मला माहीत असलेला पहिला) याच 'का'मधून जन्माला आला. महिला दिनाला कंपनीतले एक साहेब गुलाबांची परडी घेऊन लाइनवर आले.

"गुलाब का?" ताईंनी विचारलं.

"महिला दिन आहे ना, मॅडम. तुमचा सन्मान."

"सन्मान आजच का?"

"म्हणजे… वरून तशी सूचना असते."

"सूचना का?"

"फोटो पाठवायचा असतो हो वरती! त्या सावंतांनी मागच्या वर्षी पाठवला नाही."

"फोटो का?"

"अहो बाई, घ्या ना तो गुलाब!"

"पण का?"

साहेब परडी खाली ठेवून म्हणाले, "फोटो नाही गेला तर मला बोलणी बसतात."

"ओके," ताई म्हणाल्या. "मग काढा फोटो. पण आम्ही गाणं म्हणताना काढा."

त्यांनी एक लाल बिन पालथा घातला, नट आवळायचे दोन पाने हातात घेतले आणि ठेका धरला. लाइनवरच्या बायकांना बाथरूमला जायला तेव्हा सात मिनिटं मिळायची. गाणं त्यावरच होतं, जागच्या जागी जुळवलेलं:

सात मिनिटं, सात मिनिटं,
रांगेत गेली पाच मिनिटं,
दोन मिनिटांत कसं व्हायचं?
साहेब, करून दाखवा!

'दाखवा, दाखवा' हा कोरस साठ बायकांनी उचलला. फोटो वरपर्यंत गेला, आणि कुणीतरी व्हिडिओही पाठवला. पुढच्या महिन्यात सातची बारा मिनिटं झाली. आमच्या पट्ट्यात मागण्या मोर्चाने मान्य होतात, युनियनने मान्य होतात, बऱ्याचदा होतही नाहीत. कोरसने मान्य झालेली ही मी पाहिलेली पहिली.

पाहिलेली म्हणजे व्हिडिओत. त्यानंतर ताई थेट माझ्या गोडाऊनमध्ये आल्या. मी साउंडवाला. लग्न, बारसं, गणपती, प्रचारसभा, सगळीकडे माझेच कर्णे आणि निवेदनालाही मीच. कोपऱ्यात एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राचा ड्रमसेट धूळ खात होता. ताईंनी पाचही ड्रमवर टिचक्या मारल्या, तिघांना लाल चिठ्ठ्या बांधल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, दुरुस्त करून ठेवा. आठ दिवसांनी येते."

"ताई, या वयात ड्रम?"

"का?" ताईंनी विचारलं.

मी पाचव्यापर्यंत थांबलो नाही. दुरुस्त करून ठेवले.

बँडचं नाव 'लाल बिन'. ताईंचं म्हणणं, कुणी ना कुणी नापास ठरवून बाजूला टाकलेल्यांचाच हा बँड आहे. गिटार आणि आवाज वैष्णवीचा. ही लातूरकडची मुलगी ताईंच्याच लाइनवर आहे. गावाकडे आत्याने हिला सांगितलं होतं, "बाईच्या जातीचा आवाज घराबाहेर गेला नाही पाहिजे." वैष्णवीचा आवाज माइकशिवाय तळेगावपर्यंत जातो. आणि बासगिटारवर हौसाबाई. त्या कंपनीतल्या नव्हेत. त्यांच्या घरच्या शेतावर आता तीन कंपन्या उभ्या आहेत. हौसाबाई पांढऱ्या, ट्रकएवढ्या गाडीतून येतात, काठापदराचं नेसून, दंडात वाकी घालून. गावच्या भजनी मंडळात त्या एकतारी धरायच्या. तिथल्या बुवांनी "बाईमाणूस पुढं कशाला" म्हणून त्यांना मागे बसवलं, त्या दिवशी त्यांनी मंडळ सोडलं. बासगिटार पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मी घाबरत विचारलं, "जमेल का, हौसाबाई?"

"न जमायला काय झालं? येक तार वाजवायची, आता चार हायेत. म्हंजी तीन जादा. जादा कधी वंगाळ असतं व्हय?"

आता यांना वाजवायला जागा हवी. रावेतला हायवेजवळ बंटीशेठचा पब आहे. त्याचं नाव इंग्रजी आणि इतकं लांब आहे की सगळे 'बंटीचा पब' म्हणतात. बंटीशेठने तिघींकडे पाहिलं, हौसाबाईंच्या वाकीकडे दोनदा पाहिलं आणि म्हणाला, "ताई, गुरुवार देतो. तो तसाही वाया जातो."

गुरुवार वाया जातो हे खरं होतं. गुरुवार दत्ताचा, गुरुवार स्वामींचा. निम्मं गिऱ्हाईक त्या दिवशी बाटलीकडे बघतही नाही. स्वतः बंटीशेठ गुरुवारी ताक पितो. पण त्याला एक गोष्ट सुचली नाही. आमच्याकडच्या कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. पहिल्या गुरुवारी नऊ बायका आल्या. दुसऱ्या गुरुवारी तीस. तिसऱ्या गुरुवारी शेअर रिक्षांची रांग हायवेला लागली आणि बंटीशेठ ताकाचा ग्लास हातात धरून दारात उभाच राहिला.

मग मार्गशीर्ष लागला. मार्गशीर्षातल्या गुरुवारी बायकांचा लक्ष्मीचा उपवास. ऐंशी बायका घरी पूजा मांडून, गजरे माळून पबात हजर झाल्या आणि मेन्यूकार्ड हातात धरून एकच प्रश्न विचारू लागल्या, "यात उपवासाचं काय?" आचारी पंजाबचा. त्याने बिचाऱ्याने कांदा घालून मसाला शेंगदाणे पाठवले. दोन मिनिटांत स्वयंपाकघराच्या दाराला लाल चिठ्ठी लागली. पुढच्या गुरुवारपासून त्या पबात साबुदाण्याची खिचडी मिळू लागली, आणि ती इतकी मोकळी व्हायची की मी दोन प्लेटी घ्यायचो, उपवास नसताना.

शेवटच्या गुरुवारी बायकांनी तिथेच हळदीकुंकू उरकलं. दारावरच्या लेडी बाउन्सरची, ज्योतीची, नारळ-ब्लाउजपीस घालून ओटी भरली. सहा फुटी ज्योती ओटी सावरत रडायला लागली. एक बाई ताईंपाशी आल्यावर करंडा घेऊन थबकली, कारण ताईंचे यजमान जाऊन वर्षं झाली. वैष्णवी मंचावरून ओरडली, "थांबलीस कामून? लाव की!" तिने लावलं. ताईंनी नाकावर सांडलेलं कुंकू पुसत विचारलं, "सरळ लागलंय ना?" आणि ड्रमवर जाऊन बसल्या. भाषण झालं नाही. गाणं झालं, ते मात्र फार जोरात झालं.

त्रास द्यायलाही कुणी यायचेच. एकदा मागच्या टेबलावरून एका गृहस्थाने हाक दिली, "ओ ताई, एखादं प्रेमाचं होऊन जाऊ द्या!" हौसाबाई माइकजवळ गेल्या. "दादा, घरी इचारून आलायसा का? न्हाई, उशीर झाला तर मंडळी काळजी करत्यात. आन येकटंच आलायसा? कपडं बी जरा तंगच हायेत." ऐंशी बायकांनी टेबलं बडवली. गृहस्थ बिल मागवून पसार झाले.

असं सगळं छान चाललेलं असताना कुंदाताईंनी एका गुरुवारी जाहीर केलं, "मला शनिवार पाहिजे."

आम्ही चक्रावलो. ज्या बाईने ड्रमसाठी नवीन खुर्ची मागितली नाही, जी पेपरात फोटो येतो म्हटल्यावर ड्रमसेटच्या पितळी थाळीमागे लपली, तिला एकाएकी शनिवार का हवा? शनिवारी लाइन चालू असते. ताई आणि वैष्णवी दोघींना रजा टाकावी लागणार. वैष्णवी म्हणाली, "मावशी, हे काय करायलाव आपण? गुरुवार भरायलाय की मस्त."

"शनिवार," ताई म्हणाल्या. "एकच. पण शनिवारच."

बंटीशेठचा शनिवार म्हणजे चार केसाळ पोरांच्या इंग्रजी बँडचा. त्यांचं गाणं कुणाला समजत नाही, त्यामुळे कुणाची तक्रार येत नाही. ताई काउंटरवर जाऊन उभ्या राहिल्या.

"शनिवार आम्हाला का नाही?"

"ताई, शनिवारी पब्लिक वेगळं असतं."

"मग का नाही?"

"फॅमिलीवाले असतात हो. नवराबायको जोडीने येतात. नियमच आहे आपला, शनिवारी हलकंफुलकं."

"आमचं जड का?"

"मी नाही म्हणत! मॅनेजर म्हणतो."

"मॅनेजर का म्हणतो?"

"ओ ताई, आता काय कोर्टात उभं करता का मला?"

"नाही. का, एवढंच विचारते."

बंटीशेठने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "शनिवारी माझी बायको येते. तिने तुमची गाणी ऐकली तर मला घरी जायची सोय राहणार नाही."

ताईंनी वहीत लिहिलं: 'मूळ कारण: बायको.' वही हौसाबाईंपुढे धरली. हौसाबाई खो खो हसत सुटल्या. "बंटीची बायकू? आरं, ती माझ्या मावसबहिणीची लेक! थांबा, फोन लावते." पुढचं संभाषण चार मिनिटं चाललं आणि त्यात हौसाबाईंच्या बाजूने फक्त "व्हय", "आगं व्हय" आणि "त्याला काय कळतंय" एवढंच ऐकू आलं. फोन ठेवला तेव्हा शनिवार मिळालेला होता.

त्या शनिवारी मी दुपारीच वायरी ओढायला गेलो. ताई माझ्याआधी हजर. त्या ड्रमकडे फिरकल्याच नव्हत्या. मंचाच्या उजव्या हाताचं दोन खुर्च्यांचं टेबल त्या ओल्या फडक्याने पुसत होत्या. पाय हलतो म्हणून त्याखाली पुठ्ठ्याची घडी घातली.

"भाऊ, इथे बसा."

बसलो. त्यांनी ड्रमवर जाऊन एक तुकडा वाजवला आणि तिथून ओरडल्या, "फार मोठं ऐकू येतं का?"

"रॉक बँड आहे, ताई. मोठंच येणार."

"तो कर्णा जरा तिकडे वळवा. तिचं डोकं लगेच दुखतं."

"कुणाचं?"

ताई खाली आल्या, समोरच्या खुर्चीत बसल्या आणि फडक्याची घडी करत राहिल्या. मी 'का' विचारलं नाही. एकदाही नाही.

"अस्मिता चौथीत होती तेव्हा हे गेले," त्या म्हणाल्या. "मी कंपनीत लागले. तिची शाळा रविवारी बंद, माझी लाइन गुरुवारी. मी घरी असले की ती शाळेत, ती घरी असली की मी चाकणला. मग कॉलेज, मग ही आयटीची नोकरी, तिला शनिवार-रविवार. भाऊ, लग्न होऊन सांगवीला जाईपर्यंत आम्ही दोघी एका घरात आळीपाळीने राहिलो."

"सणवार असतील की, ताई."

"सणाला आई स्वयंपाकघरात असते. त्याला सुट्टी म्हणतात का?"

"आणि रजा?"

"तिच्या तापाला घेतल्या, परीक्षांना घेतल्या. दोघींनी नुसतं बसायला रजा टाकायची, हे सुचलंच नाही कधी." त्यांनी फडकं पुन्हा उलगडलं. "गुरुवारी येते येते म्हणते. पण गुरुवारी संध्याकाळी तिचं अमेरिकेशी बोलणं असतं. अमेरिकेला काय चिठ्ठी बांधू?"

मी उठलो आणि कर्णा वळवला. तो पुरेसा वळला, तरी मी आणखी वळवला.

सातला पब भरला. गुरुवारच्या बायकांपैकी चाळीसएक जणी शिफ्ट बदलून, सबबी सांगून आल्या होत्या. बाकी सगळी शनिवारची जोडपी. बंटीशेठची बायको पहिल्या रांगेत, आणि बंटीशेठ बाराव्या. उजव्या हाताच्या टेबलावर पाण्याचा ग्लास होता. त्यावर ताईंनी बशी झाकून ठेवलेली. खुर्च्या दोन्ही रिकाम्या.

पहिलं गाणं झालं. दुसरं झालं. 'घरी कोण कोण असतं?' हे खोली देताना एकट्या बाईची चौकशी करणाऱ्या घरमालकांवरचं आमचं गाणं झालं, जोडप्यांतल्या बायका नवऱ्यांकडे बघून हसू लागल्या, नवरे छताकडे बघू लागले. ताईंचा ठेका घड्याळासारखा बिनचूक चालला होता. फक्त दर गाण्यानंतर मान उजवीकडे जायची आणि परत यायची. मी मिक्सरवर बसून मनातल्या मनात अमेरिकेला वाटेल ते बोललो.

'सात मिनिटं' सुरू झालं. वैष्णवी टिपेला पोचली, सगळा पब 'दाखवा, दाखवा' करत उभा राहिला आणि दारात एक तिशीची बाई दिसली. सुट्टीच्या दिवशीही पाठीला लॅपटॉपची बॅग, केस विस्कटलेले, धापा टाकणारी. ती तिथेच उभी राहून मंचाकडे बघत होती.

आणि कुंदाताईंनी हात वर केला.

लाइनवर तपासनीसाने हात वर केला की लाइन थांबते. सगळ्यांनी जिथे आहेत तिथे हात कामावरून उचलायचे. बावीस वर्षांची सवय. ताईंना काही कळण्याआधीच तो वर गेला होता. वैष्णवीचे हात तारांवरून सुटले. चाळीस बायकांचे हात ग्लासवरून, ताटल्यांवरून, टेबलांवरून एकदम उचलले गेले. त्यांचं बघून जोडप्यांनीही उचलले. एकट्या हौसाबाई लाइनवरच्या नव्हत्या, त्यांनी आणखी दोन सूर लावले, "काय झालं गं?" म्हणाल्या, आणि थांबल्या.

गाण्याच्या ऐन मध्यावर पब चिडीचूप झाला. ताई हात खाली घ्यायचं विसरल्या होत्या. दारातल्या बाईला वाट न देता ज्योतीने खालच्या आवाजात विचारलं, "मॅडम, कुणाकडे आलात?"

अस्मिताने तिच्याकडे पाहिलंही नाही. त्या शांततेत, शाळेतल्या पोरीने वर्गभर सांगत सुटावं तशी ती मोठ्याने बोलून गेली,

"आज माझ्या आईला सुट्टी आहे!"